सिगारेटची रचना आणि धुराचे रसायन

धूर म्हटला की तो सगळा सारखाच, असे आपण समजून चालतो. चुलीचा असो, उदबत्तीचा असो किंवा सिगारेटचा असो. डोळे चुरचुरतात, ठसका लागतो, एवढेच आपल्याला ठाऊक असते. परंतु रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर दोन धूर क्वचितच सारखे असतात. धुरात काय काय असेल हे जसे 'काय जळले' यावर अवलंबून असते, तसेच ते 'कसे जळले' यावरही अवलंबून असते.

चुलीचेच उदाहरण घ्या. लाकडे धुमसत असली की घर धुराने भरून जाते. मग फुंकणीने हवा घातली की भडका उठतो आणि धूर एकदम कमी होतो. लाकूड तेच, चूल तीच. बदलला तो फक्त हवेचा पुरवठा.

सिगारेट हीसुद्धा अशीच एक छोटीशी चूल आहे. तिच्यातील हवेचा पुरवठा, तापमान, धुराचा मार्ग आणि इंधनाचे स्वरूप कारखान्यात ठरविता येते. १९५० नंतरच्या काळात सिगारेट बनविणाऱ्या कंपन्यांनी या चुलीची रचना अनेक वेळा बदलली. फिल्टर आला, सच्छिद्र कागद आला, कागदाला बारीक भोके पडली. 'सौम्य', 'लाइट', 'कमी टार' अशी नावे पाकिटांवर झळकली. या बदलांनी धुराचे रसायन खरोखरच बदलले. पण ओढणाऱ्याचा धोका कमी झाला काय? हा प्रश्न केवळ परीक्षेपुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार तंबाखूमुळे जगात दरवर्षी सत्तर लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडतात. या प्रश्नाचे उत्तर समजण्यास तुम्ही शाळेत शिकता तेवढे विज्ञान पुरेसे आहे.

निखाऱ्यापासून ओठांपर्यंत

नेहमीच्या लांब सिगारेटची लांबी सुमारे ८४ मिलिमीटर आणि व्यास सुमारे ८ मिलिमीटर असतो. तिच्यात पाऊण ग्रॅमच्या आसपास तंबाखू असते. झुरका घेतला की निखाऱ्याचे तापमान सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. झुरका संपला की ते खाली येते आणि सिगारेट नुसती धुमसत राहते.

निखाऱ्यातून ओढलेल्या हवेतील ऑक्सिजन तेथेच जवळजवळ संपून जातो. त्यामुळे निखाऱ्याच्या लगेच मागे असा एक भाग तयार होतो, जेथे उष्णता भरपूर पण ऑक्सिजन अगदी कमी असतो. येथे तापमान सुमारे २०० ते ६०० अंश असते. या भागातील तंबाखू जळत नाही. ती भाजली जाते. तिच्यातील मोठे रेणू उष्णतेने तुटतात आणि तुकडे पुन्हा निराळ्या प्रकारे जोडले जातात. या क्रियेला औष्णिक अपघटन म्हणतात. लोणारी लोक लाकडे मातीने झाकून कोळसा पाडतात, तेव्हा भट्टीत हीच क्रिया घडत असते. सिगारेटच्या धुरातील बहुसंख्य पदार्थ या पट्ट्यात जन्माला येतात. तंबाखूत मुळातच असलेले निकोटिनही येथेच वाफ होऊन बाहेर पडते.

पुढे काही मिलिमीटर अंतरातच ही वाफ एकदम थंड होते. हिवाळ्यातील पहाटे हवेतल्या बाष्पाचे धुके व्हावे, तसे या वाफेचे सूक्ष्म थेंब बनतात. त्यांचा व्यास साधारण ०.२ ते ०.४ मायक्रॉन असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ताज्या धुराच्या एका घन सेंटिमीटरमध्ये असे अब्जाहून अधिक थेंब तरंगत असतात. म्हणजे सिगारेटचा धूर हा नुसता वायू नव्हे. वायू आणि त्यात तरंगणारे थेंब यांचे ते मिश्रण आहे. अशा मिश्रणाला वायुकलिल म्हणतात.

या धुरात सात हजारांहून अधिक रासायनिक पदार्थ असल्याचे आढळले आहे. त्यांपैकी सुमारे सत्तर पदार्थ कर्करोगास कारणीभूत ठरू शकतात. निकोटिन, फिनॉले, बेंझोपायरीन, नायट्रोसअमाइने हे मुख्यतः थेंबांत असतात. कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सायनाइड, अॅसिटाल्डिहाइड, अॅक्रोलीन, बेंझीन हे मुख्यतः वायुरूपात असतात. थेंबांतील द्रव्यातून पाणी आणि निकोटिन वजा केले की जे उरते, त्याला 'टार' म्हणतात. टार हा एखादा विशिष्ट पदार्थ नाही. हजारो पदार्थांचा तो तपकिरी, चिकट लगदा आहे.

थेंब आणि वायू हा फरक नीट लक्षात ठेवा. पुढचे सारे विवेचन त्यावरच आधारलेले आहे.

आणखी एक फरक पाहा. झुरक्याबरोबर तोंडात जातो तो मुख्य धूर, आणि दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात पेटत्या टोकातून हवेत जातो तो बाजूचा धूर. बाजूचा धूर कमी तापमानात, धुमसण्यातून निर्माण होतो. त्यामुळे त्याचे रसायन निराळे असते. अमोनिया आणि काही नायट्रोसअमाइने त्यात मुख्य धुरापेक्षा अधिक असतात. पेटत्या टोकाचा धूर निळसर आणि तोंडातून सोडलेला धूर पांढुरका दिसतो, हे तुम्ही पाहिले असेल. तोंडातील व फुप्फुसांतील ओलाव्याने थेंब फुगतात. लहान थेंब निळा प्रकाश अधिक विखुरतात. मोठे थेंब सर्वच रंग विखुरतात.

सिगारेट ओढणारे यंत्र

दोन प्रकारच्या सिगारेटींची तुलना करायची तर दोन्ही सारख्याच रीतीने ओढल्या पाहिजेत. माणूस हे काम काटेकोरपणे करू शकत नाही. म्हणून प्रयोगशाळेत पिचकारीसारखे यंत्र वापरतात. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतीत ३५ घन सेंटिमीटरचा, दोन सेकंदांचा झुरका दर मिनिटाला एक असे प्रमाण धरले होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९६७ मध्ये तेच प्रमाण आपल्या चाचण्यांसाठी स्वीकारले. झुरक्यातील धूर काचतंतूंच्या एका चकतीतून जातो. चकतीवर थेंब अडकतात आणि त्यांचे वजन करतात. वायू पुढे पिशवीत जमा होतात.

यंत्राने दहा झुरके घेतले तर एकूण ३५० घन सेंटिमीटर धूर ओढला जातो. दहा मिनिटांत झुरक्यांचा वेळ फक्त २० सेकंद. उरलेली ५८० सेकंदे सिगारेट नुसतीच धुमसत असते आणि तिचा धूर खोलीत जातो. जवळ बसलेल्या माणसालाही धोका का असतो, हे यावरून कळेल.

या यंत्राच्या मापांनुसार अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सिगारेटींतील टारचे सरासरी प्रमाण १९५४ च्या सुमारास ३८ मिलिग्रॅम होते. १९९० नंतर ते सुमारे १२ मिलिग्रॅमवर आले. हा फरक मोठा आहे. तो कसा पडला?

कागदाची करामत

सिगारेटचा कागद वहीच्या कागदासारखा नसतो. त्यात वनस्पतिजन्य तंतूंबरोबर खडूची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, बारीक पूड असते. त्यामुळे कागदात सूक्ष्म रंध्रे राहतात. कागद सारखा जळत राहावा म्हणून त्यात सोडियम किंवा पोटॅशियम सायट्रेटसारखे क्षारही घालतात.

कागद अधिक सच्छिद्र केला की तीन गोष्टी घडतात. पहिली, झुरका घेताना बाजूने थोडी हवा आत येते आणि धूर पातळ होतो. दुसरी, मधल्या वेळात निखाऱ्याला ऑक्सिजन अधिक मिळून सिगारेट लवकर जळते. साहजिकच झुरके कमी होतात. तिसरी गोष्ट अधिक मौजेची आहे. धूर नळीतून पुढे सरकत असताना त्यातील काही वायू कागदातून बाहेर निसटतात. ही विसरणाची क्रिया होय. ग्रॅहॅमचा नियम तुम्हाला आठवत असेल : वायूच्या विसरणाचा वेग त्याच्या रेणुभाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. कार्बन मोनॉक्साइडचा रेणुभार २८ आणि कार्बन डायऑक्साइडचा ४४. म्हणून कार्बन मोनॉक्साइड सुमारे सव्वापट वेगाने विसरतो. पण टारचे थेंब? एका थेंबात लक्षावधी रेणू असतात. त्यांचे विसरण वायूच्या रेणूंपेक्षा लाखपटीहूनही मंद असते. ते बाहेर पडू शकत नाहीत.

म्हणजे कागद बदलला की धूर नुसता कमी होत नाही, तर त्यातील घटकांचे परस्पर प्रमाणही बदलते. रचनेचा रसायनावर परिणाम होतो, तो असा.

हीच युक्ती उलटही वापरता येते. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने २००४ मध्ये असा नियम केला की, सिगारेट ओढली नाही तर ती आपोआप विझावी, म्हणजे पेटत्या थोटकाने घरांना आगी लागणार नाहीत. यासाठी कागदावर ठराविक अंतराने कमी सच्छिद्र पट्टे ठेवतात. निखारा पट्ट्यापाशी आला की त्याला ऑक्सिजन पुरत नाही. आग लागण्याचा धोका यामुळे कमी होतो. धुराचा होत नाही.

फिल्टर काय अडवतो आणि काय सोडतो

१९५० साली अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या शंभर सिगारेटींपैकी एकीलाही धड फिल्टर नव्हता. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविणारे संशोधन प्रसिद्ध केले. अमेरिकेतूनही तसेच निष्कर्ष आले. लोक घाबरले आणि पुढील काही वर्षांत फिल्टरच्या सिगारेटींचा बाजार झपाट्याने वाढला. यांपैकी 'केंट' या सिगारेटच्या फिल्टरमध्ये १९५२ ते १९५६ या काळात निळे अॅस्बेस्टॉस वापरलेले होते. अॅस्बेस्टॉसचे तंतू स्वतःच कर्करोगकारक आहेत. संरक्षणासाठी घेतलेली ढालच विषारी निघाली!

आजचा फिल्टर सेल्युलोज अॅसिटेट या प्लॅस्टिकच्या हजारो बारीक तंतूंचा असतो. तो चाळणीसारखे काम करतो, असा अनेकांचा समज आहे. पण तंतूंमधील मोकळ्या जागा धुराच्या थेंबांपेक्षा कितीतरी मोठ्या असतात. मग थेंब अडकतात कसे? मोठे कण वळणावर जडत्वामुळे सरळ जाऊन तंतूवर आदळतात. अगदी लहान कण ब्राउनच्या गतीने इकडेतिकडे भटकत तंतूला चिकटतात. मधल्या आकाराचे कण मात्र दोन्हीतून निसटतात. जडत्व पुरेसे नाही आणि भटकणेही पुरेसे नाही, असा हा आकार साधारण ०.३ मायक्रॉनच्या आसपास येतो. सिगारेटच्या धुराचे थेंब नेमके याच आकाराचे असतात! म्हणून फिल्टर थेंबांचा काही भागच अडवू शकतो.

वायूंचे काय? फिल्टरच्या तंतूंत फिनॉलांसारखे काही बाष्परूप पदार्थ बऱ्यापैकी शोषले जातात. फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा घातला तर अॅक्रोलीन, बेंझीन यांसारखे पदार्थ त्याच्या पृष्ठभागावर धरले जातात. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. परंतु कार्बन मोनॉक्साइडवर कोळशाची मात्रा चालत नाही. त्याचा उत्कलनबिंदू उणे १९१.५ अंश सेल्सिअस आहे. ज्या वायूचे रेणू एकमेकांनाही इतके दुर्बळपणे धरतात, ते नेहमीच्या तापमानात कोळशालाही चिकटून राहत नाहीत. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसे ज्या वायूने दगावतात, तोच हा वायू. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट धरून बसतो आणि फिल्टरमधून अडथळ्याविना जातो.

वापरलेला फिल्टर तपकिरी झालेला पाहून ओढणाऱ्याला वाटते, 'एवढी घाण अडली, बरे झाले.' १९५३ मध्ये अमेरिकेतील एका सिगारेट कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञाने फिल्टरचा रंग मुद्दाम बदलेल असे द्रव्य घालण्याची कल्पना मांडली होती. त्यात किती अडले यापेक्षा किती अडल्यासारखे दिसते, यावर भर होता.

येथे एक मूलभूत अडचणही आहे. निकोटिन आणि टार बहुतांशी एकाच थेंबात असतात. सर्व थेंब अडवणारा फिल्टर बनविणे अशक्य नाही; वर सांगितलेली काचतंतूंची चकती तेच तर करते. पण मग निकोटिनही अडेल, आणि ज्यासाठी माणूस सिगारेट ओढतो तेच त्याला मिळणार नाही. असा फिल्टर कोणतीही कंपनी विकणार नाही.

न दिसणारी भोके

टारचे आकडे खाली आणण्यात फिल्टरच्या मागोमाग मोठा वाटा होता, तो फिल्टरभोवतीच्या कागदाला पाडलेल्या बारीक भोकांचा. ती डोळ्यांना सहज दिसत नाहीत. झुरका घेतला की भोकांतून स्वच्छ हवा आत येते आणि धूर पातळ होतो.

एक सोपा प्रयोग करून पाहा. सरबताच्या पेल्यात एक नळी घाला. सरबताच्या पातळीच्या वर, नळीला टाचणीने तीन-चार भोके पाडा. आता ओढा. सरबताऐवजी बरीचशी हवाच तोंडात येते. मग तुम्ही काय करता? एक तर अधिक जोराने ओढता, किंवा भोकांवर बोट ठेवता. बोट ठेवताच सरबत पूर्वीसारखे येऊ लागते. प्रयोग झाला की आपण काय केले ते आठवा, कारण सिगारेट ओढणाराही नेमके हेच करतो.

विजेच्या भाषेत सांगायचे तर येथे दोन रोध समांतर जोडलेले आहेत. एक मार्ग निखारा आणि तंबाखूतून, दुसरा भोकांतून. दोन्हींचा रोध सारखा असेल तर निम्मी हवा तंबाखूतून आणि निम्मी भोकांतून येईल. म्हणजे यंत्राच्या ३५ घन सेंटिमीटरच्या झुरक्यात खरा धूर १७.५ घन सेंटिमीटर. यंत्राला ओठ नाहीत आणि बोटेही नाहीत. ते भोके झाकत नाही, मोठा झुरका घेत नाही. त्यामुळे आकडा आज्ञाधारकपणे निम्म्यावर येतो.

आता माणूस पाहा. भोके ओठांच्या अगदी जवळ असतात. ती नकळत झाकली जातात. कॅनडाच्या आरोग्य खात्याने यंत्रासाठी एक अधिक कडक पद्धत ठरविली : ५५ घन सेंटिमीटरचा झुरका, दर ३० सेकंदांनी एक, आणि सर्व भोके बंद. या पद्धतीत दर झुरक्याला तंबाखूतून ५५ घन सेंटिमीटर धूर येतो. म्हणजे पहिल्या हिशेबातील १७.५ च्या तिपटीहून अधिक. शिवाय झुरके दुप्पट वेळा. सिगारेट तीच, तंबाखूही तेवढीच. पण आकडे कोठल्या कोठे गेले.

भोके उघडी असली, तरी जोराने ओढल्यावर आणखी एक गोष्ट घडते. तंबाखूच्या दाट भागातून जाणारा प्रवाह दाबाच्या फरकाच्या समप्रमाणात वाढतो. बारीक भोकांतून येणारा प्रवाह मात्र तितका वाढत नाही. म्हणून जोराने ओढले की धुराचा वाटा वाढतो आणि हवेचा घटतो.

माणूस असे का करतो? कारण निकोटिनचे व्यसन लागलेल्या शरीराला त्याची ठराविक मात्रा हवी असते. १९८३ साली अमेरिकेतील नील बेनोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओढणाऱ्यांच्या रक्ताची तपासणी केली. निकोटिनपासून शरीरात कोटिनीन नावाचा पदार्थ बनतो. त्यावरून किती निकोटिन आत गेले हे कळते. 'कमी निकोटिन'च्या सिगारेटी ओढणाऱ्यांच्या शरीरात निकोटिन कमी जात नाही, असे त्यांना आढळले. पाकिटावरचा आकडा यंत्राचा होता. रक्तातला आकडा माणसाचा होता.

अखेर २००८ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने यंत्राच्या या आकड्यांना दिलेली आपली मान्यता काढून घेतली. 'लाइट', 'माइल्ड', 'लो' हे शब्द पाकिटांवर छापण्यास युरोपीय संघात २००३ पासून आणि अमेरिकेत २०१० पासून बंदी आली.

आम्ल धूर, अल्क धूर

निकोटिन हा अल्कधर्मी पदार्थ आहे. आम्ल परिसरात त्याचे रेणू हायड्रोजन आयन घेऊन भारित होतात. अल्क परिसरात ते मुक्त राहतात. मुक्त निकोटिन सहज वाफ होते आणि तोंडाच्या व घशाच्या अस्तरातून लवकर शोषले जाते. पीएच मूल्य ८ च्या आसपास असताना निम्मे निकोटिन मुक्त असते. पीएच ७ असेल तर शंभरात सुमारे ९ भाग, आणि ६ असेल तर शंभरात सुमारे १ भागच मुक्त असतो. पीएच एकाने बदलला की मुक्त निकोटिन किती पालटते ते पाहा.

गरम हवेच्या भट्टीत वाळविलेल्या व्हर्जिनिया तंबाखूत साखर बरीच उरते आणि तिचा धूर आम्लधर्मी असतो. तो घशाला सौम्य लागतो, म्हणून फुप्फुसांत खोलवर ओढला जातो. सावलीत हवेवर वाळविलेल्या बर्ली तंबाखूत साखर जवळजवळ उरत नाही. सिगारचा धूर अधिक अल्क असतो. तो तोंडातूनच शोषला जातो. तंबाखूत अमोनियाची संयुगे मिसळूनही धुराचे रसायन बदलता येते. गोडीसाठी घातलेल्या साखरेपासून जळताना अॅसिटाल्डिहाइड निर्माण होते. तंबाखू ओलसर राहावी म्हणून घातलेल्या ग्लिसरीनपासून अॅक्रोलीन बनू शकते. मेंथॉल जळजळ शमवते. त्यामुळे झुरका घेणे सोपे होते. जे घशाला सौम्य, ते शरीरालाही सौम्य, असे मुळीच नाही.

एक दाबावे तर दुसरे वर येते

कर्करोगकारक बेंझोपायरीन कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे नायट्रेट अधिक असलेली तंबाखू वापरणे. नायट्रेटमुळे ज्वलन सुधारते आणि बेंझोपायरीन घटते. पण त्याच नायट्रेटमुळे नायट्रोसअमाइने वाढतात. आणि तीही कर्करोगकारकच आहेत. बेंझोपायरीनसारखी संयुगे घटत गेली आणि एनएनके नावाचे नायट्रोसअमाइन वाढत गेले, असे चित्र अमेरिकेतील सिगारेटींच्या बाबतीत दिसून आले.

वाळविण्याच्या पद्धतीनेही फरक पडतो. गॅसच्या ज्योतीची गरम हवा सरळ तंबाखूवर सोडली, तर ज्योतीतील नायट्रोजनची ऑक्साइडे पानांतील द्रव्यांशी संयोग पावून नायट्रोसअमाइने बनतात. हे लक्षात आल्यावर २००० च्या सुमारास अमेरिकेतील अनेक भट्ट्या बदलण्यात आल्या. ज्योतीचा धूर वेगळ्या नळीतून बाहेर सोडून फक्त तिची उष्णता पानांना देऊ लागले.

२०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने एक गंभीर निष्कर्ष काढला. फुप्फुसाच्या कर्करोगाचा अॅडेनोकार्सिनोमा हा प्रकार धूम्रपान करणाऱ्यांत वाढला आहे, आणि १९५० नंतर सिगारेटच्या रचनेत व घटकांत झालेले बदल त्याला कारणीभूत आहेत. धूर सौम्य आणि पातळ झाला की तो अधिक खोल ओढला जातो. भोकांचे फिल्टर आणि वाढलेली नायट्रोसअमाइने यांवर संशयाचा रोख आहे. रचना बदलून कर्करोग टळला नाही.

आपली विडी

विडीत ना फिल्टर, ना कागद, ना भोके. मग ती 'साधी' म्हणून निरुपद्रवी असेल काय? गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या जंगलांतून येणारा तेंदूपत्ता आणि सोलापूर, सिन्नरकडे वळल्या जाणाऱ्या विड्या तुमच्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. एका विडीत सिगारेटच्या मानाने बरीच कमी तंबाखू असते. परंतु तेंदूचे पान कागदासारखे सच्छिद्र नसते. बाजूने ऑक्सिजन मिळत नसल्यामुळे ओढणे थांबले की विडी विझते. ती पेटती ठेवण्यासाठी वरचेवर झुरके घ्यावे लागतात. शिवाय पानातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर निसटू शकत नाही आणि बाहेरची हवा आत येऊन धूर पातळही होत नाही. कागदाच्या परिच्छेदात आपण जे तीन परिणाम पाहिले, ते सारे येथे उलट दिशेने घडतात.

मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधील शास्त्रज्ञांनी भारतीय सिगारेट आणि विडी यांच्या धुरातील फिनॉल, हायड्रोजन सायनाइड आणि बेंझोपायरीन मोजून १९९० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. विडी आकाराने लहान असली, तरी तिचा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा सौम्य नाही, हेच अशा मोजणीतून दिसून आले आहे.

यातून काय घ्यायचे?

पहिली गोष्ट विज्ञानाची. कोणतेही मोजमाप ज्या परिस्थितीत केले असेल, त्या परिस्थितीपुरतेच खरे असते. ३५ घन सेंटिमीटरचा आकडा खोटा नव्हता. यंत्राबद्दलची ती माहिती माणसाबद्दलची आहे असे समजणे, हे मात्र खोटे होते. वर्तमानपत्रात किंवा जाहिरातीत आकडा दिसला की 'हा कोणी, कसा मोजला?' असे विचारण्याची सवय ठेवा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. रचनेने धुराचे घटक कमीजास्त होतात, पण वनस्पतीचा पाला अपुऱ्या ऑक्सिजनमध्ये तापवला की विषारी पदार्थ निर्माण होणारच. रसायनशास्त्राचे हे नियम कोणत्याही कंपनीच्या हुकमाने बदलत नाहीत. धोका कमी करणारा खात्रीचा बदल एकच आहे, आणि तो म्हणजे सिगारेट न पेटवणे. घरातील कोणी वडीलधारे 'मी लाइट ओढतो' किंवा 'फिल्टरची आहे' असे म्हणत असतील, तर त्यांना वाद न घालता नळीचा प्रयोग करून दाखवा.

भारतातील २००३ च्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूचे पदार्थ विकण्यास मनाई आहे. शाळा-महाविद्यालयांपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत त्यांची विक्री करता येत नाही. आपल्या शाळेच्या फाटकापासून हे अंतर टेपने मोजून पाहा आणि काय आढळले ते शिक्षकांना सांगा. हाही एक चांगला प्रयोग होईल.

सोडवून पाहा

१. एका सिगारेटच्या भोकांतून झुरक्याच्या शंभरात ७० भाग हवा येते. यंत्राच्या ३५ घन सेंटिमीटरच्या झुरक्यात तंबाखूतून आलेला धूर किती? भोके झाकून ५५ घन सेंटिमीटरचा झुरका घेतला तर तो किती पट होईल?

२. पीएच ९ असताना शंभरात किती भाग निकोटिन मुक्त असेल? (सूचना : पीएच ७ च्या उत्तराकडे उलट बाजूने पाहा.)